वहीतलं कोरं घर

पुनमच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात दहावीपर्यंत शिकलेला मराठी शब्द. तिसरा तिनं स्वतः आखला होता: हे आपल्या तांड्यावर कुठं दिसतं. सब्लिमेशन, संप्लवन, आरतीतला कापूर. ऑस्मोसिस, परासरण, मीठ लावल्यावर कैरीच्या फोडींना सुटणारं पाणी. वही भरत आली तरी एक घर कोरंच होतं. इंडिकेटर, दर्शक, आणि पुढं काही नाही. लिटमसचा कागद तांड्यावर कुणी पाहिला नव्हता.

मार्च २००२. अकरावी सायन्सची केमिस्ट्रीची तोंडी परीक्षा सोमवारी होती. दिवाळीतच केमिस्ट्रीच्या शिवशंकर सरांनी पुनमच्या बापाला, पेमाला, कॉलेजात बोलावून सांगितलं होतं, की पोरगी हुशार आहे, पण इंग्रजी शब्दापाशी गाडी अडते. वार्षिक तोंडीतही अडली तर तिला आर्ट्सला घाला. पेमानं होकार दिला होता.

रविवारी औंढ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर हळद शिजत होती. पुनम दिवसभर गरम कांड्या पसरत बसली. सोमवारी हिंगोलीत कॉलेजपाशी उतरली तेव्हा मनगटापर्यंत हात पिवळे. बाकावरची मैत्रीण दिपा म्हणाली, "अगं, हळद लागली अन् आमाला पत्रिका न्हाई?"

सगळा वर्ग हसला. पुनम उठून प्रयोगशाळेच्या नळावर गेली. तिथं परीक्षानळ्या घासायचा धुण्याचा सोडा ठेवलेला असे. तिनं चिमूटभर घेऊन हात चोळले. तांड्यावर असं कुणी करत नाही. हळदीच्या हाताला आधी चिंच, मग साबण, हा रुख्मिणीबाईचा, तिच्या आईचा, नेम होता. घाईत तो राहून गेला, आणि तळवे कुंकवात बुडवल्यासारखे लाल झाले.

पाठोपाठ आलेल्या दिपाची थट्टा विरली. ती डब्यातली लिंबाची फोड घेऊन आली. पुनमनं ती डाव्या हातावर पिळली. हात पिवळा झाला. पुन्हा सोडा, लाल. पुन्हा लिंबू, पिवळा. तिचा नंबर दोनदा पुकारला गेला, तिला ऐकूच आला नाही.

शेवटी एक हात लाल आणि एक पिवळा, अशी ती प्रयोगशाळेतच सरांसमोर बसली. इंडिकेटर म्हणजे काय, सरांनी इंग्रजीत विचारलं. पाठ केलेलं वाक्य ओठांवर येईना. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सर, हा बेसमधला. हा ॲसिडमधला."

सरांनी चष्मा वर सारला. हळदीला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांनी विचारलं.

"ते ठाऊक न्हाई, सर. पण ती लाल काहून होते, ते मलाच इचारायचं व्हतं."

सरांनी दोन्ही तळवे निरखून पाहिले. मग म्हणाले, की हळदीतल्या रंगद्रव्याचं नाव कर्क्युमिन. बाकीचं त्यांनाही पुस्तक उघडून बघावं लागेल. आता त्या लाल हातावर नुसतं पाणी सोडलं तर काय होईल, त्यांनी विचारलं.

पुनमनं अंदाज सांगितला नाही. "धुऊन बघते, सर."

त्यांनी नळाकडं बोट दाखवलं. पाणी पडत राहिलं. लाली आधी बोटांच्या टोकांवरून ओसरली, मग तळव्यावरून, आणि खालून जुना पिवळा वर आला. मागं पेन खरडल्याचा आवाज झाला. ती वळली तेव्हा सरांनी गुण लिहिले होते आणि शेऱ्यात एकच शब्द: सायन्स.

बाहेर येऊन तिनं कोऱ्या घरात 'हळद' लिहिलं. मग पट्टी घेऊन पानावर चौथा रकाना आखला आणि वर मथळा दिला: काहून.