ओंजळ नावाचं पान

दादा गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं, हा विषय आईने एकदाच काढला. कपडे देऊन टाक, पुस्तकं हवी त्याला दे, पण त्याच्या पानांना कुणी हात लावायचा नाही, असं मी नको तेवढ्या मोठ्याने म्हणालो आणि दार आपटून बाहेर पडलो. त्या दिवसांत माझं प्रत्येक बोलणं दार आपटूनच संपायचं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, तेव्हा आई त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती, आणि पानांची पेटी तिने माझ्या उशाशी आणून ठेवली होती.

ही पानं म्हणजे साधे पत्ते नव्हेत. त्यांच्यावर राजा-राणी नसते. योद्धे असतात, पशू असतात, वादळं, पूल, मशाली असतात, आणि प्रत्येक चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ते पान काय करू शकतं ते छापलेलं असतं. ती विकत घ्यायची, जमवायची, एकमेकांशी बदलायची, त्यांतून निवडून स्वतःची गड्डी बांधायची आणि ती घेऊन समोरच्याशी भिडायचं. दादाला हा नाद आधीपासून होता, आणि आजारपणात तर तेवढाच उरला. मला म्हणायचा, "तू शीक. शिकलास की पहिला डाव माझ्याशी." मी म्हणायचो, एवढं बारीक वाचायची हौस असती तर शाळा सोडून टायर कशाला बदलत बसलो असतो? तो हसायचा. "सावकाश शीक रे. मी थांबतो, मला कुठे घाई आहे?"

मग त्यालाच घाई झाली.

मला त्याच्याशी एक डाव खेळायचा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच, बाकी काही नको होतं. गेलेल्या माणसाशी खेळता येत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आधी शिकू, पुढचं पुढे, अशा हिशेबाने मी एका सुटीच्या दिवशी पेटी काखेत मारली आणि दादा जायचा त्या दुकानात गेलो.

दुकान वह्या, खेळणी आणि फुग्यांचं होतं. मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं, आणि तिथे मोठीमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी डोकी खाली घालून बसलेली. दुकान चालवणारी बाई सगळ्यांची मावशी होती. ती गल्ल्यामागे बसून काहीतरी लांबलचक विणत होती.

"कुणाचा रे तू?"

मी दादाचं नाव सांगितलं. सुया थांबल्या. "धाकटा," ती म्हणाली, विचारल्यासारखं नव्हे, ओळखल्यासारखं. मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाली, "आधी हात धुऊन ये. इथे पानं आहेत, टायर नाहीत."

हात धुऊन आलो आणि खिशात होतं तेवढ्याची सीलबंद पाकिटं घेऊन उभ्याउभ्याच टराटरा फोडली. टेबलाशी बसलेला पोस्टमन म्हणाला, "मावशी, हा पाकिटं फोडतोय की शेंगा सोलतोय?" सगळे हसले. पाकिटांतून कामाचं एकही पान निघालं नाही. मावशीने तो कचरा गोळा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नशीब अजमावायला आलास की खेळ शिकायला? सगळे नवशिके इथेच पाय घसरून पडतात. पाकिटं नंतर. आधी ही तयार बांधलेली गड्डी घे, साधी आहे, आणि हरायला शीक." तिने मला पानांवर चढवायची कव्हरं दाखवली, पुढून पारदर्शक, पाठीमागून एकरंगी आणि पान सरकवायला एका टोकाला उघडी, म्हणजे पानं मळत नाहीत आणि कुठलं पान कुणाचं ते लांबूनही कळतं. दादाची काळी होती. मी लाल घेतली.

नियम तिने मला जेवण वाढावं तसे थोडेथोडे वाढले. दर पाळीला आपल्या गड्डीतलं एक पान ओढायचं, हातातलं एखादं मांडायचं, हल्ला करायचा, आणि झालं की समोरच्याला पाळी द्यायची. दादा पाळी देताना बोलायचा नाही, बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायचा. हरायच्या वाटा दोन: समोरच्याच्या हल्ल्यांनी तुमचा जीव संपला तर, किंवा ओढायला गड्डीत पानच उरलं नाही तर. "नवशिक्या समोरच्याच्या पानांकडे बघत बसतो," मावशी म्हणाली. "मुरलेला आपल्या गड्डीकडे बघतो, किती उरली म्हणून."

दादाच्या गड्डीतली पानं मी तिच्याकडून एकेक करून समजून घेतली. एक राहिलं. त्यावर योद्धा नव्हता, पशूही नव्हता. नुसती जोडलेल्या तळव्यांची एक ओंजळ, आणि वरून दुसऱ्या कुणाच्या तरी ओंजळीतून तिच्यात पडणारं पाणी. अक्षरं लावत मी वाचलं: समोरचा हो म्हणाला, तर यापुढे तुझं प्रत्येक पान त्याच्या गड्डीतून ओढ.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"शून्य. हो म्हणेल असा बावळट कोण असतो? त्या पानापायी तुझ्या दादाने आपलं सगळ्यात चांगलं पान बदलून दिलं. मी म्हटलं, वेड लागलंय का, हे चालणार कधी? तर म्हणाला, माझा धाकटा खेळायला लागला की चालेल."

मी तिथून जवळजवळ धावतच घरी आलो. तो माझी वाट बघून कंटाळला असेल, मला सोडून दिलं असेल, हे जे आतमध्ये दीड महिना टोचत होतं, ते त्या एका वाक्याने निघून गेलं. त्याने मला हिशेबात धरलं होतं. माझ्यासाठी पान राखून ठेवलं होतं.

एकट्याने सराव करायचा तर दोन्ही बाजूंनी खेळायचं, असं मावशीने सांगितलं होतं. आई ज्या टेबलावर कापडं बेतायची, ते मी अडवलं. खिडकीकडे माझी लाल गड्डी, समोर दादाची काळी. त्याच्या बाजूला जाऊन त्याचं पान ओढायचं, तो काय खेळला असता याचा विचार करायचा, मग इकडे येऊन आपलं खेळायचं. मी उतावळा, हाताला लागलं की मांडायचं आणि हल्ला करायचा. त्यामुळे दादा माझ्या हातूनसुद्धा मला हरवायचा.

मग एका संध्याकाळी कामावरून आलो आणि सकाळी अर्धा सोडलेला डाव पुढे न्यायला दादाचा हात, म्हणजे त्याच्या हातातली पानं, उचलला, तर ती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेली होती, आणि एक पान डोक्यावर उभं होतं. दादाची सवय होती ती. जे पान शेवटपर्यंत राखायचं ते तो हातात उलटं धरायचा. ते पान ओंजळ होतं. मीच केलं असेल, असं मला वाटलं. दोन्हीकडून खेळताना माणूस दुसऱ्याच्या सवयीही उचलतो. पण त्या दिवसापासून मी त्याचा हात वाचायचं सोडलं. समोरच्याची पानं बघणं ही लबाडी झाली असती.

दुसऱ्या दिवशी माझी खेळी केली, टेबलावर दोनदा टकटक केली आणि कामावर गेलो. आलो तेव्हा समोर एक पूल मांडलेला होता. मी तो मांडला नव्हता.

"आई, टेबलावरच्या पानांना हात लावलास?"

आई पलंगावर बसून कुणाच्या तरी विजारीची शिवण उसवत होती. "मी कशाला लावू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि तू असा अंगावर येतोस, की मी तिथे कापडसुद्धा पसरत नाही." तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं तुम्ही..." आणि पुन्हा उसवायला लागली.

खेळी चांगली होती. आईला सुचणार नाही आणि मलाही सुचणार नाही इतकी चांगली होती. मी टेबलाशी बसून खूप वेळ त्या पुलाकडे बघत राहिलो, आणि मला भीती वाटायला हवी होती हे माहीत असूनही जे वाटलं ते एवढंच, की ताप उतरतो तेव्हा कसा घाम येतो, तसं काहीतरी अंगातून उतरतंय. त्या रात्री मी गाढ झोपलो. दार आपटायची सवय कधी सुटली ते कळलंही नाही. सकाळी माझी खेळी, संध्याकाळी त्याची. आई आता आपणहून खिडकी लावून घ्यायची. वाऱ्याने पानं उडतील म्हणायची.

दादा मला मारत नव्हता. माझा जीव दोन-तीन हल्ल्यांचा उरला, तरी तो नुसता मांडत राहिला, अडवत राहिला, डाव लांबवत राहिला. मला कौतुक वाटायचं. मग एका संध्याकाळी सहज नजर गेली, आणि मावशीचं म्हणणं आठवलं. काळी गड्डी जवळजवळ संपली होती. आजारात त्याचा फार काळ गेला होता, गड्डीही बारीकच बांधलेली. माझी लाल अजून जाडजूड होती. आणखी थोडी पानं, आणि ओढायला काही नसणार. म्हणजे मी जिंकणार. म्हणजे डाव संपणार.

मी पाळी देणंच बंद केलं. सकाळी टकटक न करता निघून जायचो. टेबलासमोरून जाताना मान वळवायचो. आई एकदा म्हणाली, "असं अर्धवट ठेवू नये रे. तो खोळंबला असेल." दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी टेबलापाशी थांबलो आणि टकटक केली. त्याला थांबायला लावणं मला जमेना. आयुष्यभर तेच केलं होतं.

संध्याकाळी टेबलाच्या मधोमध ओंजळ होती. माझ्याकडे तोंड करून ठेवलेली, मला वाचता यावी अशी. मला वाचायची गरज नव्हती.

मला एवढं हसू आलं, की आई बघायला आली. त्याला सगळं आधीच माहीत होतं! हो म्हणेल असा बावळट जगात एकच आहे, आणि तो आपल्याच घरात टायर बदलतो, हे त्याने तेव्हाच हेरलं होतं. "घे की, दादा," मी म्हणालो. "विचारतोस काय?" आणि माझी लाल गड्डी सरकवून टेबलाच्या मध्ये ठेवली, त्याचा हात पोचेल अशी.

त्यानंतर सगळं फार बरं चाललं आहे. कामावर परवा एका चाकाचा नट माझ्याकडून सैल होईना, मालकाने माझ्या हातातून पाना घेतला आणि म्हणाला, "जेवतोस की नाही? वाळून चिपाड झालायस." मी हसलो. या सुटीच्या दिवशी दुकानात गेलो, तेव्हा पोस्टमनने जागा करून दिली, आणि पानं बदलताना मावशीची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने माझा हात उलटा करून पाहिला. शेवटच्या दिवसांत दादाचे हात असे गार असायचे, हे तिलाही आठवलं असावं.

"ते ओंजळीचं पान मला देतोस?" ती म्हणाली. "त्याच्या बदल्यात काचेच्या कपाटातलं हवं ते घे."

"आता कसं देऊ? ते खेळात आहे."

"कुणाशी?"

मी सांगितलं. मावशी सुया हातात घेऊन बसली, पण मी निघेपर्यंत तिने एक टाका घातला नाही.

घरी आलो तर आईने दिवा लावून ठेवला होता आणि टेबलाशी दोन खुर्च्या ओढून ठेवल्या होत्या. काळी गड्डी तेवढीच आहे, तिला धक्का लागलेला नाही, आता ती संपायची नाही. लाल खूप खाली गेली आहे, पण दोघं एकाच गड्डीतून ओढतो म्हटल्यावर ते व्हायचंच. मी माझं पान ओढलं, मांडलं आणि खुर्चीत मागे टेकलो. अंग पिसासारखं हलकं झालं आहे. कधीतरी त्याच्या हाताकडे नजर जातेच. पानं वाचत नाही, नुसत्या पाठी दिसतात. आता त्यांत काळी एकही नाही. सगळी लाल आहेत, नीट ओळीने लावलेली. कव्हराचं उघडं तोंड मी सगळ्यांचं वरच्या बाजूला ठेवलं होतं. एका पानाचं तेवढं खाली आहे, ते त्याने उलटं धरलंय.