जुनी चिठ्ठी

बाईंनी अळंब्याची बरणी वनस्पतींच्या कपाटातून ओढून काढली, टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हुश्श केलं. सकाळपासूनची ही एकतिसावी. कॉलेजच्या संग्रहालयात बरण्या पुसता पुसता त्यांची हाडं झिजली होती, आणि निवृत्तीच्या तोंडावर हे नवं खूळ!

"हे आता कुठे जाणार?" समोर बसलेल्या सुनेनं विचारलं.

"वेगळ्या कपाटात. कवकांच्या. झाड नव्हेच म्हणे ते. चालत नाही, बोलत नाही, म्हणून दिलं होतं झाडांत ढकलून. खरं तर प्राण्यांना जास्त जवळचं." बाईंनी नवी चिठ्ठी बरणीत सोडली. "चूक शहाण्यांची आणि हमाली माझी!"

सून हसली. "पण आत जुनी चिठ्ठी तशीच राहिली, आई."

"राहू दे. चुकीची असली तरी जुनी काढायची नसते. शेजारी नवी घालायची, खाली तारीख. कोण कुठून कुठे आलं, ते कळायला नको?"

सुनेनं पर्समधून हळूच एक कागद काढला. तिच्या लग्नाच्या नोंदणीचा अर्ज. बाईंचा मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं पुन्हा संसार मांडावा म्हणून बाईच हात धुऊन तिच्या मागे लागल्या होत्या. आता ठरलं, तर त्यांनाच घास गोड लागत नव्हता. ती गेली की घरात आई म्हणणारं कोणी उरणार नव्हतं.

"साक्षीदार म्हणून तुमची सही हवीय."

बाईंनी चष्मा पुसला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढे रकाना होता, वधूशी नातं. तिथे हात सवयीनं चालला. सासू.

"अगं बाई! काय लिहून बसले मी! नव्या लग्नाला जुनी सासू? तिथला कारकून हसेल गं." त्या घाईनं खोडायला गेल्या, तर सुनेनं मनगट धरलं.

"जुनी काढायची नसते ना?"

"मग काय करू?"

"शेजारी नवी घाला की."

बाईंना अक्षरं दिसेनात. नाक ओढत त्यांनी सासूच्या शेजारी लिहिलं, आई. आणि त्याच्याखाली, कोणी मागितली नव्हती तरी, आजची तारीख घातली.