तळव्याखालची माहेरवाशीण

माघ सरत आला होता. खाडीवरून उन्हाचा पहिला हात फिरला आणि पाणी लखलखलं. वर निळं निरभ्र आभाळ, खाली मिठागराचे चौकोनी, चकाकते, आरसपानी वाफे. बांधाबांधावर शुभ्र बगळे, पल्याडच्या चिखलात गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा. वारा कोरडा, ऊन करकरीत. आज मीठ पडणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

गाव बांधावर लोटलं होतं. हिरवी लुगडी, पिवळी लुगडी, केसांत अबोलीचे गजरे, कमरेवर रिकाम्या टोपल्या. बायका कुजबुजत होत्या, हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. लग्नघरातसुद्धा एवढी घालमेल नसते.

पाण्याखाली मिठाची पहिली कणी धरते तेव्हा ती डोळ्यांना दिसत नाही, तळव्यांना टोचते. म्हणून गावातल्या सगळ्यांत जुन्या आगऱ्याने अनवाणी वाफ्यात उतरायचं, टोचलं की हाळी द्यायची, आणि मगच बाकीच्यांनी पाऊल टाकायचं. घाई झाली तर कोवळी कणी चिखलात तुडवली जाते आणि वाफा नासतो. शिवाय हाळीत मिठाचं नाव घ्यायचं नाही. मीठ म्हणजे आगराची लेक. पावसाळ्यात विरघळून समुद्राच्या घरी नांदायला जाते, माघात परतते. तिला माहेरवाशीण म्हणायचं. नावाने पुकारली तर ती रुसते आणि आल्या पावली मागे फिरते, असं जुनी माणसं सांगत आलेली.

यंदा ती हाळी पोशीरामची होती. थोरला भाऊ गेला आणि मान त्याच्याकडे आला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल, छातीत ढोल. उभा जन्म त्याने या दिवसाची वाट पाहिली होती.

आणि त्याच्या तळव्यांना काहीच कळत नव्हतं.

साखरेने त्याच्या पायांच्या नसा खाल्ल्या होत्या. आधी मुंग्या आल्या, मग आग झाली, मग सगळं निवलं. जाड मोजे चढवावेत तशी जमीन लांब गेली. तीच साखर हळूहळू डोक्यातही शिरते आहे, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधी सून समोर असताना बहिणीचं नाव तोंडात यायचं. कधी घराची वाटच हरवायची. वाटेचं सगळ्यांनी पाहिलं होतं. पायांचं मात्र त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. पण त्याच्या बायकोला, चांगुणाला, कळलं होतं. रोज संध्याकाळी ती ओटीवर बसून त्याचे तळवे निरखायची, एकदा तिने टाचेतून बाभळीचा काटा काढला, तरी तो तिच्याशी हसत बोलतच राहिला. ती त्यावर चकार शब्द बोलली नाही. नवऱ्याचा स्वभाव तिला पाठ होता.

पोशीराम वाफ्यात उतरला. पाणी घोट्यांना लागलं असेल. त्याला फक्त दिसलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. शुभ्र ऊन, स्तब्ध पाणी, श्वास रोखलेला बांध. टोचलं? नाही. खोटंच ओरडावं, असं एकदा मनात आलं. पण कणी अजून धरली नसेल तर? गावाची लेक त्याच्याच पायांखाली चिरडली जाईल. भीती वाटली, अगदी लहान पोरासारखी.

त्याने वळून बांधाकडे पाहिलं, आणि सगळ्या गावादेखत बोलला.

“चांगुणे, माज्या पायांना काय कलत नाय गो. तू ये.”

बाईमाणसाने आधी उतरायची रीत नव्हती. चांगुणाने टोपली खाली ठेवली, लुगडं खोचलं आणि ती उतरली. ना डावीकडे पाहिलं, ना उजवीकडे. त्याच्याजवळ जाऊन तिने त्याचा हात धरला, अलगद पाऊल टेकवलं, आणि तिचा चेहरा उजळला.

“टोचतंय,” ती म्हणाली. “सुयांवानी टोचतंय.”

पोशीरामने तोंड उघडलं. उन्हाने भरलेलं आभाळ त्याच्या छातीत मावेना. आली, ती आली, पण कोण आली? शब्द नव्हता. जिभेवर एकच नाव होतं, नेमकं तेच, जे घ्यायचं नाही. त्याने ओठ गच्च मिटले.

चांगुणाने शब्द सांगितला नाही. हाळी त्याची होती. तिने नुसता त्याचा हात झुलवायला सुरुवात केली, पुढे, मागे, पुढे, मागे. नवी नवरी होऊन ती आली, त्या साली याच वाफ्याचा तळ घट्ट करायला दोघांनी हातात हात घालून चिखल तुडवला होता. साऱ्या गावाची रांग, सारं गाव एका ठेक्यात, आणि गाणं हिरवं लुगडं नेसून परतणाऱ्या लेकीचं. हात झुलला. ठेका आला. ठेक्यामागून गाणं आलं, गाण्यामागून लुगड्याचा हिरवा पदर, आणि पदराआडून ती.

“माहेरवाशीन आली गो! आली गो, माहेरवाशीन आली!”

बांध फुटावा तसं गाव वाफ्यांत उतरलं. हसणं, पाणी, पैंजण, टोपल्या. बायकांनी गाणं उचललं, पुरुषांनी फावडी उचलली, पाण्याच्या पोटातून पांढरं, पाणीदार, पहाटेच्या दवासारखं लख्ख मीठ वर आलं. रोहितांचा थवा दचकून उडाला आणि आभाळ गुलाबी झालं.

चांगुणाने त्याला बांधावर बसवलं आणि नेहमीसारखे त्याचे तळवे मांडीवर घेतले. कुठे चिरलं तर नाही ना, ते पाहिलं. टाचेच्या भेगेत एक कणी अडकली होती, उन्हात झगझगणारी. तिने ती नखाने काढली आणि त्याच्या जिभेवर ठेवली.

तो हसला. “आली,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “आली.” समोर सारा आगर पांढरा होत होता, आणि पोशीरामच्या तोंडात त्याची लेक हळूहळू विरघळत होती.