फुंकरबाबा आणि कोरडा ट्रे

दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही चाळीस जण, दार बंद, आणि सगळे अंड्यांवर फुंकर मारत होतो. फुंकरबाबांचा आदेशच तसा होता. माझं नाक टेलरकाकांच्या काखेत अडकलं होतं. सुटायला वाट होती, पण ती आत्याच्या कोपरातून जात होती.

उबवणीच्या मशीनमधल्या पिलांनी कालच चोचीने भोकं पाडली होती. बाहेर मात्र एकही येईना.

"फुंका! सावली सुटतेय!" बाबा गरजले.

"बाबा, पंखा लावू?"

"पंख्याने चमत्कार उडतो!"

सावली माझ्या वहिनीची. मागच्या खेपेला वीज गेली, निम्मी अंडी वाया गेली. बाबांनी निदान केलं : सुनेची सावली. तेव्हापासून तिला या खोलीत बंदी. आज तर आईने तिला शेजारच्या खाद्याच्या कोठीत घालून बाहेरून कडी लावली होती. पिलं निघाली तर सावली सिद्ध, म्हणून वहिनी चारच्या गाडीने कायमची माहेरी. नाही निघाली तर सावली चिवट, म्हणून चारच्याच गाडीने. दादा तिची बॅग धरून उभा होता. त्याचा कणा बहुधा बॅगेत भरला असावा.

दोन तासांनी भिंती घामेजल्या. आणि टक्! एक पिल्लू बाहेर. मग दुसरं. मग रांगच. आई बाबांच्या पाया पडणार होती, पण वाकायला जागा नव्हती.

मी मशीनचे काटे पाहिले. तापमान सकाळइतकंच, साडेसदतीस. आर्द्रता मात्र तिसावरून सत्तरवर. पाण्याचा ट्रे ओढला. खडखडीत. आत एक पाल वाळून कागद झाली होती.

"आई, ट्रे कोण भरतं?"

आईने दादाकडे पाहिलं, दादाने बॅगेकडे.

कोठीच्या दारामागून आवाज आला, "मी भरायचे, भाऊजी. रोज दोनदा, कोमट पाणी. हवा कोरडी पडली की आतलं पातळ कातडं पिलाला चिकटतं. बिचाऱ्याला हलताच येत नाही."

"मग सांगायचं नाही का?" दादा म्हणाला.

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, सावली बोलतेय."

शेजारच्या, अजून बंदच असलेल्या मशीनमधली पिलंही अडकली होती. मी खोलीचं दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं. "बाबा, आता यावर एकट्याने फुंका."

बाबा अर्धा तास फुंकले. काटा हलला नाही, बाबा हलले; चक्कर येऊन स्टुलावर बसले. मग मी ट्रेमध्ये कोमट पाणी ओतलं, ओलं पोतं टाकलं. तीनच्या सुमारास तिथलंही पहिलं पिल्लू ओरडलं. चाळीस जणांचा श्वास आणि घाम, एवढाच होता चमत्कार!

वहिनीचं तिकीट वाया गेलं नाही. चारच्या गाडीत बाबा बसले.

आईने कडी काढली. वहिनी दारातच थांबली. "नुसती काढू नका, उखडून टाका. मग ठरवते, बॅग कुठे ठेवायची ते."

दादा पहिल्यांदाच काही शोधायला धावला : स्क्रूड्रायव्हर.

पिल्लू कवच आतून फोडू शकतं. माणसाची कडी बाहेरून असते. आणि ती बाबांनी नव्हती लावली, आम्हीच लावली होती. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ट्रे बघा. आणि जिच्यावर आळ घेताय, तिला आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिलाच ठाऊक असतं.