वरची खोली

"माझा नाव नाय रे ह्येच्यात," वनमालाकाकी तिसऱ्यांदा म्हणाली आणि नंदकुमारने तिसऱ्यांदा यादीवरून बोट फिरवलं. दहिसरच्या त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाची यादी सकाळीच बोर्डावर लागली होती. चौदा नंबर होता, पंधरा होता: राजेश, तळमजला. सोळा होता. पण पंधराच्या डोक्यावरची खोली, जिथे काकी अडतीस वर्षं राहत होती, ती कुठेच नव्हती.

"टायपिंगची चूक असणार गं. उद्या ऑफिसात बघतो."

"बघ हां बाबा. तुझ्याच मशिनीतला काम ता." मग बोर्डापाशी जमलेल्या बायकांकडे वळून काकीने नेहमीचं ऐकवलंच, "आमचो नंदू नकाशे करता!"

नंदू आता सत्तेचाळीस वर्षांचा होता. नऊ वर्षांचा असताना त्याची आई अकरा महिने हॉस्पिटलात होती, तेव्हा तो याच वरच्या खोलीत जेवला, झोपला आणि पाढे पाठ न केल्याबद्दल मारही खाल्ला. काकीच्या नवऱ्याने ती खोली राजेशच्या वडिलांकडून रीतसर कागद करून घेतली होती. बाहेरून लोखंडी जिना, वेगळं मीटर, वेगळं रेशनकार्ड. आणखी काय पाहिजे हो घराला?

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात, जिथे वॉर्डाचे नकाशे तयार होत, त्याने चाळीची फाइल उघडली. सर्वेवाल्यांनी चूक केलीच नव्हती. टेप लावून खालची खोली मोजली होती, मग वरची, वनमालाकाकीच्या नावासकट. पण सॉफ्टवेअरच्या लेखी घर म्हणजे जमिनीवर काढलेला एक चौकोन. त्याच चौकोनावर दुसरा आला की तो दुबार, म्हणजे चूक. वर-खाली हा प्रकारच त्या दीडशहाण्याला ठाऊक नाही. अख्ख्या वॉर्डात अशा चौदाशे बारा चुका लाल झाल्या होत्या, आणि लाल आकडा शून्यावर आल्याशिवाय वॉर्ड ऑफिस फाइल स्वीकारत नव्हतं. त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की आधी नोंदलेला चौकोन राहतो, नंतरचा उडतो. आणि सर्वेवाला आधी खालचंच घर मोजणार ना! तो काय जिन्यावरून सुरुवात करणार आहे?

बटण कोणी दाबलं, हेही फाइलीत लिहिलेलं होतं. मार्च महिना. दुरुस्ती: नंदकुमार.

त्याला तो दिवस चांगला आठवत होता. शून्य आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तो कधी नव्हे तो वेळेवर घरी गेला होता. जाताना काकीसाठी चिकूही घेतले होते. त्या चौदाशे बारांत आणखी किती वरच्या खोल्या होत्या, हे त्याने आज मोजलं नाही. हिंमतच झाली नाही.

"काकींचं घर परत टाकून बघू या ना सर," माधुरी म्हणाली. ती त्याची टीम लीड, वयाने वीस वर्षांनी लहान, पण पोरगी मनाची चांगली. टाकलं. फाइल परत आली. "थोडं बाजूला सरकवू?" सरकवलं, तर ते चौदा नंबरवर चढलं.

"शेरा लिहू. 'वर दुसरं कुटुंब राहतं.'"

"शेऱ्याचा रकाना अपलोड होताना गळतो, सर. मी मागेच सांगितलेलं त्यांना." माधुरीने डोकं खाजवलं. "एकच चालेल. राजेशचं घर मधोमध कापायचं आणि अर्ध्यात काकींना बसवायचं."

"राजेशने काय घोडं मारलंय कोणाचं?"

हरकतीचा ऑनलाइन फॉर्म होता, पण त्यात नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवावं लागे. काकीच्या घरावर बोट ठेवलं की राजेशचं नाव येई. शेवटी नंदकुमारने साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन देऊन आला.

संध्याकाळी तो काकीकडे गेला. ती कुळीथ निवडत बसली होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मशिनीची चूक असतली," काकी म्हणाली.

"नाही गं. मी दाबलं बटण. माझ्या हाताने."

काकीचा हात सुपात थांबला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग तिने खिडकीतून नदीपलीकडच्या टॉवरकडे मान केली. "मगे थंय एकावर एक बावीस घरां कशी चलतत रे?"

तिथे अख्खी बिल्डिंग म्हणजे एक चौकोन, आणि घरांची यादी बिल्डर वेगळी जोडतो. चाळीला कोण जोडणार? हे उत्तर त्याला येत होतं. पण त्याने नुसतं सूप पुढ्यात ओढलं आणि तो कुळीथ निवडू लागला.

शनिवारी भर दुपारी अर्जाच्या पडताळणीसाठी एक बाई आल्या. चेतनामॅडम. घामाने निथळत होत्या, हातात टॅब. काकी वर आपल्या दारात उभी राहिली, इस्त्रीचं पातळ नेसून. राजेश अर्धा दिवस रजा टाकून थांबला होता. "मॅडम, काकी वरच राहतात. मी लिहून देतो, सही करतो, काय पाहिजे ते."

मॅडमनी टॅब वर धरला, खाली धरला. "नकाशावरचा पॉइंट पंधरा नंबरवरच येतोय. म्हणजे आजी तुमच्याकडे राहतात."

"अहो, त्या वर उभ्या आहेत! दिसतायत ना तुम्हाला?" नंदकुमारचा आवाज चिरकला.

"दिसतायत हो, दादा. पण वर असं भरायला यात काही नाही. मी तरी काय करू?" त्या खरंच ओशाळल्या होत्या. त्यांनी टॅबवर बोट टेकवलं. "हरकत निकाली निघाली. सॉरी, आजी."

काकी पदर खोचून म्हणाली, "उन्हातसून इलात. च्या घेवन जावा. पण वर येवचा लागतला."

मॅडम गोंधळल्या. मग चपला काढून जिना चढल्या. राजेशही मागून गेला. वरून स्टोव्हचा आवाज आला, भांड्यांचा आला. "किती छान वारा येतो हो इथे!" मॅडम म्हणत होत्या, आणि काकी त्यांना खिडकीपाशी सरकून बसा म्हणत होती.

"नंदू, तुकाव च्या ठेवलंय रे. वर ये."

नंदकुमारने कठड्याला हात लावला. मार्चमध्ये याच जिन्याने तो चिकू घेऊन वर गेला होता.

"नंदू!" काकीने परत हाक मारली. तो खालीच उभा राहिला.