पाइन फोर्कची पेटी

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेरीफ क्लॉड हटोने वेंडेल टार्पलीच्या कॉफीच्या कपात तंबाखूची पिंक टाकली आणि विचारलं, "किती कमी पडतायत?"

टार्पलीने समोरचा कागद उलटा केला. मिसिसिपीतल्या त्या काउंटीतली सगळी मतदान केंद्रं मतमोजणीचे आकडे आधी त्याच्या वर्तमानपत्राला कळवत. एकूण बेरीज फक्त त्याच्याकडे असे. पाइन फोर्क केंद्राची मतपेटी दर निवडणुकीत उशिरा येई, किती मतं हवीत ते कळल्यावर. म्हणून त्याने अकरा वर्षांपूर्वी नियम केला होता: ती पेटी आल्याशिवाय बाहेरच्या फळ्यावर एकही आकडा लिहायचा नाही. यंदा राज्याच्या सिनेटच्या जागेसाठी तो स्वतःच बेल्यूविरुद्ध उभा होता.

"तुम्ही तर बेल्यूची माणसं," तो म्हणाला.

"होतो. बेल्यू आता माझा फोन घेत नाही." शेरीफ हसला. "पाइन फोर्कला माझ्या सासऱ्याचं मत पडतं, हे तुम्हीच छापलंत ना? चार वर्षं झाली म्हाताऱ्याला जाऊन. ह्या वेळी तुम्हाला देईल. वाचायला आवडायचं त्याला."

टार्पलीने कप दोन बोटांनी उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

"बाहेर व्हा, क्लॉड."

"जातो की. समोर दाढी करायला बसतो, संपादकसाहेब."

शेरीफने रस्ता ओलांडला. न्हाव्याच्या खुर्चीत तो फळ्याकडे तोंड करून बसला.

टार्पलीने कागद पुन्हा सुलटा केला. बेल्यू, तीन हजार सव्वीस. टार्पली, दोन हजार नऊशे चौदा. एकशे बारा मतं कमी. मग खण उघडून त्याने खडू काढला.

छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मिस ऑर्लीनने मान वर केली. "पेटी आली, मिस्टर वेंडेल?"

"लोक खोळंबलेत."

"पेटी आली का, विचारलं मी."

तो बाहेर गेला. दोन्ही आकडे त्याने नेहमीपेक्षा मोठे काढले. आत येऊन त्याने हात धुतले, रुमालाला पुसले आणि पुन्हा धुतले. मिस ऑर्लीन खाली मान घालून खिळे लावत होती. पहिल्या पानावरची मथळ्याची जागा तिने कोरी ठेवली होती.

समोर न्हाव्याची खुर्ची रिकामी होती.

आठला दहा मिनिटं कमी असतानाही, सगळ्या पेट्या जमा होत त्या कोर्टात पाइन फोर्कची पेटी पोहोचली नव्हती.