दोन गावांचा पानाचा डबा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. अंगावर चुन्याचे डाग आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडालाय, हे मलाही ठाऊक आहे. पण इंडोनेशियातल्या मालुकू बेटांपैकी आमच्या बेटावर माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्याही पानाच्या डब्याला नाही. जरा फुशारकी मारतो, चालवून घ्या. म्हातारपणी तेवढीच एक हौस उरते.

आमच्या खाडीच्या अलीकडे हारुविला, ख्रिश्चनांचं गाव. पलीकडे तेनासिवा, मुसलमानांचं. या दोन गावांच्या पूर्वजांनी कधीकाळी एकमेकांचे भाऊ होण्याची शपथ घेतली. आमच्याकडे तिला पेला म्हणतात, आणि शपथेतल्या माणसालाही पेलाच म्हणतात. दोन्ही गावांनी आपसात सोयरीक करायची नाही, कारण सगळी सख्खी भावंडं. पेलाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. तेनासिवाची मशीद उभी राहिली तेव्हा तिचे खांब हारुविलाच्या लोकांनी रानातून खांद्यावर वाहून आणले. त्यातल्या एका खांबाचा तुकडा उरला होता. हारुविलाच्या सुताराने तो कोरला, तेनासिवाच्या तांबटाने बिजागरी बसवली, आणि मी तयार झालो.

एक वर्ष या गावात, एक वर्ष त्या गावात असा माझा मुक्काम असे. कुणाचं डुक्कर कुणाच्या बागेत घुसलं, कुणाच्या जाळ्यातले मासे नाहीसे झाले, की लोक मला मधे ठेवून बसायचे. प्रत्येकाने माझ्यातलं पान घ्यायचं आणि सगळ्यांची तोंडं लाल झाल्याशिवाय तक्रारीचा शब्द काढायचा नाही, असा रिवाज होता. तोंडात पान असलं की माणसाला नीट ओरडता येत नाही, हे आमच्या जुन्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. एकदा तेनासिवाचा एक म्हातारा म्हणाला, "तुमच्या डुकराने माझी सगळी रताळी खाल्ली." त्यावर हारुविलाचा डुक्करवाला म्हणाला, "पेलाची होती म्हणून खाल्ली. परक्याच्या रताळ्याला तोंड लावत नाही ते." म्हातारा इतका हसला की पानाचा रस सदऱ्यावर सांडला. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग शहरात ख्रिश्चन-मुसलमानांचा दंगा पेटला. त्या वर्षी मी हारुविलात होतो, याकोमिना नावाच्या विधवेच्या घरी. तिचा थोरला मुलगा शहरात कामाला होता. तो घरी आला तो शवपेटीतून. उरला धाकटा मेल्की. तो कुणाशी बोलेनासा झाला. खाडीतली होड्यांची ये-जा थांबली. अंगणात लवंगा वाळत पडल्या, फळीवर मी वाळत पडलो. माझ्यातली शेवटची पानं सुकून कुस्करली गेली, कुणी पाहिलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी पलीकडच्या रानातून कुऱ्हाडींचे आवाज येऊ लागले. "लढाईच्या होड्या बांधतायत," हारुविलाची पोरं म्हणाली. "ते येण्याआधी आपणच जायचं." पोरांचा म्होरक्या होता मेल्की. दिवसभर तो परसात कोयता पाजळत बसे. एका सकाळी याकोमिनाने मला फळीवरून खाली काढलं, पुसलं, ताजी पानं आणि सुपारी भरली आणि किनाऱ्याकडे निघाली.

"आई, कुठे चाललीस?" मेल्कीने विचारलं.

"पान खायला."

"तिकडे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू इथे कोयते पाजळतोयस. तुझं आहे का?"

तिने होडी पाण्यात ढकलली. आईला एकटीला सोडवेना, म्हणून मेल्की कोयता घेऊन मागच्या टोकाला बसला.

पलीकडे किनाऱ्यावर माणसं उभी होती, त्यांच्याही हातात कोयते होते. त्यांच्यातून तालिब पुढे आला. तेनासिवात माझा मुक्काम असे तेव्हा तोच मला सांभाळायचा. त्याने वाळूवर चटई टाकली आणि मला मधे ठेवलं. सगळ्यांनी पान घेतलं, फक्त मेल्कीने घेतलं नाही. तो तोंड फिरवून बसला. रिवाजाप्रमाणे आता कुणालाच बोलता येईना. ऊन चढलं, वाळू तापली, माणसं चुळबुळू लागली. शेवटी तालिबने स्वतःच्या हाताने विडा केला आणि मेल्कीच्या तोंडापाशी धरला. बराच वेळ त्याचा हात तसाच पुढे राहिला. अखेर मेल्कीने विडा घेतला, आणि चघळता चघळता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. चुना जास्त झाला होता, असं तो पुढे सांगत असे.

मग याकोमिनाने विचारलं, "तालिबभाऊ, तुमच्या रानात कुऱ्हाडी कशाला चालल्यात?"

"तुमच्या चर्चचं छप्पर वादळात उडालं ना, ताई? वासे तोडतोय. पेलाने मागायची वाट बघायची नसते."

"मग कळवलं का नाही?"

"कुणाबरोबर कळवू? खाडी ओलांडून येतंय का कुणी?"

याकोमिनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नुसते वासेच ना?"

तालिबने मान खाली घातली. "नाही. अर्धी पोरं वासे तोडतात, अर्धी भाले तासतात. माझा पोरगा इद्रिस भालेवाल्यांत आहे."

मला वाटलं, आता संपलं. ही उठणार आणि माझं झाकण पुन्हा कधी उघडणार नाही. पण याकोमिना उठली नाही.

"आमच्याकडेही तेच चाललंय," ती म्हणाली. "हा माझा मेल्की त्यांचा पुढारी. तालिबभाऊ, मी आज एक मागणार आहे. तुझा इद्रिस मला दे. हे सगळं निवेपर्यंत तो माझ्या घरी राहील आणि मेल्की तुझ्या घरी. मग बघू कुठलं गाव कुठल्या गावावर हात उचलतं."

तालिबचा चेहरा उतरला. "ताई, तुझा थोरला आमच्यासारख्यांच्याच हातून गेला. धाकट्याला आमच्यात ठेवतेस?"

"एकच उरलाय. म्हणून तर तोच देतेय."

"मला कुणी विचारणार आहे का?" मेल्की म्हणाला.

"नाही," दोघं एकदमच म्हणाली.

पेलाला नाही म्हणता येत नाही. तालिबची बायको रडत घरात गेली आणि इद्रिसचे कपडे बांधून घेऊन आली.

इद्रिस आमच्या घरी आला तो भेदरलेलाच. याकोमिनाने त्याच्यासाठी डुकराचं मांस कधी न शिजलेलं नवं मडकं आणलं. पहिल्या दिवशी तो पापेड्याला, म्हणजे आमच्या सागूच्या लापशीला, हात लावेना, तेव्हा तिने त्याच्याच ताटातला घास आधी स्वतः खाल्ला. रोज संध्याकाळी ती खाडीपलीकडे बघत बसायची आणि पोराचं नाव मुद्दाम घ्यायची नाही. तिचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते मी जवळून पाहिलंय. पुढे बाहेरगावची एक हत्यारबंद टोळी हारुविलात आली आणि तेनासिवाची वाट विचारू लागली. गावकरी आडवे उभे राहिले. "तिकडे आमचं पोर आहे," ते म्हणाले, "एक पाऊल पुढे टाकू नका." तेनासिवातही असंच झालं म्हणे. टोळ्या माघारी गेल्या. दंगा निवळला तेव्हा तेनासिवाहून वासे आले, आणि चर्चच्या छपरावर मेल्की आणि इद्रिस दोघं चढले. खिळे कुणी वाकडे ठोकले यावरून त्यांचं अजून वाजतं.

आता याकोमिना नाही. मला गावच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय. पॉलिश करतात, पाहुणे आले की माझा फोटो काढतात. आत एक पान नाही. आणि तुमच्या मोबाइलवर पलीकडच्या गावाबद्दल काहीबाही येत असतं, ते तुम्ही माझ्यासमोरच वाचता.

मित्रांनो, मला काचेत ठेवून मान देऊ नका, बाहेर काढून वापरा. पलीकडच्या गावाबद्दल वाईट कानावर आलं, तर तिकडे जा, समोर बसा आणि विचारा. उत्तर कडू निघालं तरी बसून राहा. याकोमिनाला मिळालेलं अर्धं उत्तर कडूच होतं. ते ऐकून ती उठून गेली असती, तर खाडी ओलांडून वासे आले नसते. भाले आले असते.